घर बांधण्यापूर्वी

घराचा मुहूर्त ठरतो, कुदळ पडते आणि मग घरातील मंडळी विचार करू लागतात, असा सर्वसाधारण रिवाज आहे. मोरी कोठे असावी, जिना आतून घ्यावा की बाहेरून, देवघरास कोणता कोपरा द्यावा, हे प्रश्न जोते वर आल्यावर निघतात. आणि त्या वेळी प्रत्येक उत्तराची किंमत वाढलेली असते. कागदावरची भिंत रबराने पुसता येते. उभी भिंत पाडावयाची तर मजूर लागतो, राडारोडा उचलण्यास गाडी लागते आणि पुन्हा बांधण्यास नवी वीट लागते. आयुष्यभराची शिल्लक ज्या एका कामात ओतावयाची, त्याचाच विचार बहुधा सर्वांत घाईने केला जातो, हे नवलच म्हटले पाहिजे.

या विचाराचा आरंभ नकाशापासून नव्हे, तर जमिनीपासून व्हावयास हवा. विदर्भात, मराठवाड्यात आणि मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेल्या माळव्यातही काळी कापसाची जमीन विस्तीर्ण पसरलेली आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. दुमजली, वजनदार इमारतीपेक्षा लहान, हलक्या घराला तिचा जाच अधिक होतो. कारण फुगणाऱ्या मातीस दाबून धरण्याइतका भार त्या घरात नसतो. भिंतीला तिरक्या चिरा पडतात, दारे चौकटीत अडकू लागतात. अशा ठिकाणी तळाशी कंदासारखे फुगीर केलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवून त्यांवर घर उभारण्याची रीत आहे. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तिचा पुष्कळ अभ्यास व प्रसार केला. हे खांब साधारणपणे साडेतीन मीटर किंवा त्याहूनही खोल नेतात, म्हणजे ऋतुमानाप्रमाणे हलणाऱ्या थराच्या खाली त्यांना आधार मिळतो. परंतु हा निर्णय पाया खणण्यापूर्वीच घ्यावा लागतो. चिरा पडल्यानंतर त्यांत सिमेंट भरीत बसणे म्हणजे नुसता वरवरचा लेप होय. मातीची परीक्षा करवून घेण्यास होणारा खर्च घराच्या एकंदर खर्चाच्या मानाने अल्प असतो. शिवाय शेजारच्या जुन्या घरांच्या भिंती न्याहाळल्या आणि मागील पुराचे पाणी कोठवर आले होते हे वृद्धांस विचारले, तर पदरचा पैसाही न वेचता बरेच समजते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला व हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. हा प्रदेश तोवर भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा गणला जात होता. तेथील घरांच्या दगडी भिंती जाड होत्या, पण त्यांची आतली व बाहेरची फळी एकमेकींशी बांधलेली नव्हती. मध्ये माती व बारीक दगड भरलेले, आणि वर जाड मातीचे धाबे. धक्का बसताच दोन्ही फळ्या अलग झाल्या आणि धाबे खाली आले. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसविणे, तसेच जोत्यावर, दारेखिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली चहूबाजूंनी सलग पट्टी फिरविणे, हे उपाय काही फार खर्चाचे नव्हेत. बांधतानाच ते केले तर भिंती एकत्र राहतात. मागाहून करू गेल्यास तेच काम कितीतरी कठीण व महाग होऊन बसते.

हंगामाचा हिशोबही आधी मांडावा. महाराष्ट्रात पाया जूनपूर्वी जोत्यापर्यंत आणला नाही तर खणलेले चर पाण्याने भरतात. पण तंजावरकडच्या कुटुंबाने हेच गणित धरले तर फसेल, कारण तेथील मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात काम काढावयाचे तर पाणी कोठून आणणार हे ठरले पाहिजे. भारतीय मानक ब्यूरोच्या २००० सालच्या संहितेत साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किंवा कडक उन्हाळ्यात किमान १० दिवस ओल ठेवावी असे सांगितले आहे. टँकर न आल्यामुळे चौथ्या दिवशी कोरडी पडलेली स्लॅब वरून चांगलीच दिसते. तिची उणीव पुढे गळतीच्या रूपाने प्रकट होते.

सातबारा, मालकी हक्क, बांधकामाची परवानगी, चहूबाजूंस सोडावयाची जागा, ही कागदपत्रांची बाजू कंटाळवाणी खरी. तथापि तिच्यावाचून पहिली वीटही रचू नये. खर्चाच्या अंदाजाचा निदान दहावा हिस्सा वेगळा काढून ठेवावा आणि त्याचा उल्लेख कंत्राटदारापाशी करू नये.

जुन्या घराची दुरुस्ती असेल तर प्रथम कोणती भिंत भार वाहते हे जाणकाराकडून समजून घ्यावे. दोन खोल्यांची एक करण्याच्या हौसेने नेमकी तीच भिंत काढली जाते. घर नवे असो वा जुने, गिलावा होण्यापूर्वी नळ आणि विजेच्या तारा कोठून गेल्या आहेत त्यांची छायाचित्रे मोजपट्टी लावून काढावीत आणि घराच्या खरेदीखताबरोबर जपून ठेवावीत; वीस वर्षांनी भिंतीत खिळा ठोकणाऱ्या सुतारास ती दाखविता येतील.