तीन नंबरचा शनिवार

दाव्होस म्हटलं की मराठी वाचकाला जानेवारीतले सामंजस्य करार आठवतात. कुणी किती लाख कोटींचे केले याची चर्चा आठवडाभर चालते आणि मग ते गाव वर्षभरासाठी बातम्यांतून गायब होतं. आल्प्समध्ये भटकणाऱ्यांच्या लेखी मात्र या गावातून निघणारा दुसराच कागद मोलाचा आहे. हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता इथली हिम व हिमस्खलन संशोधन संस्था आपलं पत्रक जाहीर करते आणि सकाळी आठला ते पुन्हा तपासून देते. शुक्रवारच्या पाचच्या पत्रकावर कितीतरी जणांचा शनिवार-रविवार ठरतो.

हे लोक स्की टूरिंगवाले. शुक्रवारी रात्री शेवटची कसारा लोकल पकडणारे आपल्याकडचे ट्रेकर असतात ना, त्याच जातकुळीतले. यंत्रावर बसून वर जायचं आणि दाबून सपाट केलेल्या उतारावरून खाली यायचं, यात त्यांना गंमत वाटत नाही. डोंगर आपल्या पायांनी चढायचा. त्यासाठी स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता अंगोरा बकरीच्या केसांची किंवा नायलॉनची असते. केसांचा कल मागे असल्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. चढताना बुटाची टाच मोकळी असते, उतरताना ती स्कीला जखडायची. माथ्यावर भणभणत्या वाऱ्यात पट्टी फर्रकन ओढून काढायची, गोंदाला बर्फ लागू न देता दुमडायची आणि जाकिटाच्या आत छातीशी धरून ठेवायची. गोंद गारठला की पुढच्या चढावर पट्टी चिकटत नाही. एवढं करून चार तासांची चढण उतरताना अर्ध्या-पाऊण तासात संपते!

या खुळाच्या सुरुवातीला एक ओळखीचा माणूस भेटतो. आर्थर कॉनन डॉईल. डिसेंबर १८९३च्या ‘स्ट्रँड’ मासिकात त्याने शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडच्याच रायखेनबाख धबधब्यात ढकललं होतं. बायकोला क्षय झाला होता, म्हणून तो दाव्होसला येऊन राहिला होता. तिथले टोबियास आणि योहान ब्रांगर हे भाऊ नॉर्वेच्या पद्धतीच्या स्की शिकत होते. लोक हसतील म्हणून ते रात्री सराव करत, असं सांगतात. २३ मार्च १८९४ रोजी तिघे पहाटेच्या अंधारात निघाले आणि २,४४० मीटर उंचीची माइएनफेल्डर फुर्का ही खिंड ओलांडून जेवणाच्या वेळेआधी आरोसा गावात उतरले. एका तीव्र उतारावर डॉईल विजारीच्या बुडावर घसरत खाली आला. आरोसाच्या हॉटेलात नोंदवहीत टोबियासने त्याचा व्यवसाय लिहिला तो ‘स्पोर्ट्समन’. त्या तिघांकडे ना पत्रक होतं, ना कोणतं उपकरण. साहस थोर खरं, पण नशिबाचा वाटाही बराच असणार.

बर्फाचा पद्धतशीर अभ्यास सुरू व्हायला पुढची चाळीस वर्षं गेली. १९३६ साली काही संशोधक दाव्होसच्या वर, अडीच हजार मीटरवरच्या वाइसफ्लूयोख इथे बर्फाच्या खोपटात प्रयोगशाळा थाटून बसले. तिथली बर्फाची मोजणी आजही चालू आहे. १९४२मध्ये रीतसर संस्था झाली आणि तिचं बिऱ्हाड १९९६पर्यंत डोंगरावरच होतं. १९५०-५१च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनांनी ९८ बळी घेतले. त्यांतले बरेच जण स्वतःच्या घरात होते. त्यानंतर उतारांवर लोखंडी अडसर आले, कुठे घर बांधायचं नाही याचे नकाशे आले. २०१८ साली युनेस्कोने हिमस्खलनाशी जगण्याचं हे स्विस-ऑस्ट्रियन ज्ञान अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

गावं बरीच सुरक्षित झाली, पण माणसं मरतच राहिली. आता जवळजवळ सगळे मरतात ते हौसेने डोंगरात गेलेले. दहांतल्या नऊ अपघातांत बर्फ सुटायला कारण होतो तो त्यात सापडलेला माणूस स्वतः किंवा त्याच्याच टोळीतला कुणी.

याचं कारण बर्फाच्या पोटात आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. तळाशी जमीन शून्य अंशाच्या आसपास, वर निरभ्र रात्रीची कडाक्याची थंडी. खालची वाफ थरातून वर सरकते आणि जुने स्फटिक मोडून नवे, कोनदार, पैलूदार स्फटिक घडवते. ते एकमेकांना धरत नाहीत. मूठभर घेऊन गोळा करायला जावं, तर बोटांतून गळून जातात. त्यावर जानेवारीत वाऱ्याने दाबलेला घट्ट थर बसला की सापळा तयार. वरून सगळं पांढरंशुभ्र आणि निर्मळ. एका माणसाच्या भाराने खालचा थर मोडतो, मोड क्षणात दूरवर धावते आणि वरचा थर अख्ख्या लादीसारखा सुटतो. उतार तीस अंशांहून जास्त असला की हे घडू शकतं. कधी माणूस खाली सपाटीवर असतो आणि लादी वरून निघते.

पत्रकात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. १९९३पासून सगळ्या युरोपात त्याच आहेत. कुणालाही वाटेल, चार आणि पाच नंबर सर्वांत घातक. पण त्या दिवशी शहाणी माणसं घरी पत्ते खेळतात. हिवाळ्याच्या साधारण ३० टक्के दिवसांवर तीन नंबर असतो आणि निम्म्याच्या आसपास मृत्यू त्याच दिवसांत होतात. तीन म्हणजे पाचांतला मधला, म्हणजे ठीकठाक, असं मन म्हणतं. वास्तविक या पायऱ्या समान उंचीच्या नाहीत. दोनावरून तीनावर जाताना धोका एका घराने वाढत नाही, कितीतरी पट वाढतो. माझ्या मते सगळ्या स्की टूरिंगची परीक्षा या एका आकड्यात आहे. वळणं घेण्याचं कौशल्य त्यानंतर येतं.

तीन नंबरच्या शनिवारी जाणती टोळी काय करते? शुक्रवारी रात्री नकाशावर तीस अंशांपुढचे रंगवलेले पट्टे बघून वाट त्यांना वळसा घालेल अशी आखते. सकाळी निघताना म्होरक्या दहा-वीस पावलं पुढे जाऊन उभा राहतो. एकेक जण त्याच्यासमोरून जातो आणि प्रत्येकाच्या छातीवरचं, गाडलं गेल्यास माणूस हुडकण्यासाठी ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारं यंत्र बोलतंय का, ते ऐकलं जातं. वाटेत पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला की थांबायचं. पोटातला थर मोडल्याची ती निशाणी. मग वाट बदलायची, नाहीतर मागे फिरायचं. मुक्काम स्विस अल्पाइन क्लबच्या झोपडीत असेल तर निघण्यापूर्वी वहीत पुढचा बेत लिहायचा, म्हणजे शोधायची वेळ आली तर कुठे शोधायचं ते कळतं. १८६३ साली स्थापन झालेल्या या क्लबच्या दीडशेच्या वर झोपड्या आहेत. रखवालदार नसला तरी बहुतेक ठिकाणी हिवाळी खोली उघडी असते. लाकडं आत, पैसे इमानदारीने पेटीत.

गाडलं गेल्यावर किती वेळ मिळतो? १९९४मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या स्विस आकडेवारीनुसार पंधरा मिनिटांपर्यंत ९२ टक्के लोक जगत होते, पस्तीस मिनिटांना ३० टक्के. २०२४ साली चाळीस वर्षांची स्विस नोंद पुन्हा तपासली, तेव्हा ती सुरुवातीची मुदत दहा मिनिटांवर आलेली दिसली. गाडलेल्याला बाहेर काढायला सोबत्यांना लागणारा वेळही पंधरावरून दहावर आला आहे. व्यावसायिक पथकांचा १५३ मिनिटांवरून ९०वर आला, ही मोठीच प्रगती, पण दहा मिनिटांच्या हिशेबात हेलिकॉप्टर बसत नाही. जीव वाचवायचा तो सोबत्यानेच, यंत्राने जागा हुडकून, काठीने टोचून आणि फावड्याने उपसून. थांबलेला बर्फ काही क्षणांत इतका घट्ट बसतो की प्लास्टिकचं फावडं त्यावर मोडतं. म्हणून निघण्यापूर्वी म्होरक्या पिशव्या उघडायला लावतो आणि फावडं धातूचं नसेल, तर त्या दिवशी तो भिडू खालीच थांबतो.