झेंडूच्या रोपाचे मूळ तुटले तर?

दसरा-दिवाळीच्या बाजाराचा हिशोब धरून आपण झेंडूची लागण करता आणि दुसऱ्याच दिवशी रोपे माना टाकतात. मग पाण्यावर पाणी दिले जाते. बरीच रोपे हातची जातात ती येथेच.

बी रुजताना प्रथम सोटमूळ खाली उतरते. पुढे टोकाच्या थोडे मागे, मुळाच्या आतल्या थरातून उपमुळे साल फोडून बाहेर पडतात. पाणी मात्र मुख्यतः शोषतात ती टोकालगतची केशमुळे. कोरड्या वाफ्यातून रोप उपटले की ती मातीतच राहतात. वर पाने तेवढीच आणि खाली पाणी घेणारे कोणी नाही, म्हणून रोप सुकते. तुटलेली केशमुळे पुन्हा येत नाहीत. मुळाला नवी टोके फुटली तरच त्यांवर नवी येतात.

सोटमुळाचे टोक तुटले म्हणून घाबरू नये. शेंड्याकडून खाली येणारे ऑक्सिन हे संजीवक तुटल्या जागेच्या वर साठते व तेथे उपमुळे फुटतात. झेंडूचे मातीत गेलेले खोडही मुळे धरते. कोवळ्या शेंड्यांचे छाटे लावून रोपे करता येतात ती याच गुणामुळे. त्यामुळे लांबलेले रोप थोडे खोल लावले तरी चालते. अर्थात सगळ्याच फुलझाडांना हे लागू करू नये.

नव्या मुळांना ओलाव्याइतकीच हवाही लागते. विद्यार्थी असताना मी स्वतः सुकलेल्या रोपांना दिवसातून दोनदा पाणी पाजले होते. आठवड्याने उपटून पाहिले, तर मुळे तपकिरी होऊन कुजलेली!

म्हणून २५ ते ३० दिवसांची, चार-पाच पानांची रोपे घ्यावीत. काढण्यापूर्वी वाफा भिजवून रोपे मातीसह उचलावीत, उन्हे उतरल्यावर लावावीत व लगेच हलके पाणी द्यावे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी द्यावी. भारी जमिनीत सरीत पाणी तुंबू देऊ नये.

ट्रेमधील रोपांची मुळे फारशी तुटत नाहीत. मात्र ट्रेमध्ये जास्त दिवस राहिलेल्या रोपांची मुळे कप्प्यात गोल फिरलेली असतात. अशी रोपे स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत.

लागणीनंतर आठवड्याने एखादे रोप मातीसह हलकेच काढून पाहावे. पांढरी टोके दिसली तर पाणी बेतानेच द्यावे. मुळे तपकिरी असतील तर पाणी थांबवून वाफसा येऊ द्यावा व नांग्या भरण्यासाठी रोपे हाताशी ठेवावीत.