पुळण आणि कातळ : किनाऱ्यावरील परिसर-पाठ

किनाऱ्यालगतच्या गावांतील मुलांस समुद्र नवा नसतो. भरती-ओहोटीच्या वेळा, कालवे कोणत्या खडपावर सापडतात, होडी कोठवर ओढावी, हे सारे त्यांस घरीच समजलेले असते. परंतु पुळण कशी झाली, खडकास हा आकार कशाने आला आणि वाळू उपसून नेल्यास गावाचे काय होते, हे घरी क्वचितच सांगितले जाते. ते सांगणे शाळेचे काम होय.

रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या किनाऱ्याचा पाया काळ्या कातळाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठातून लाव्हारस थरावर थर पसरून थिजला. त्यापासून हा बेसॉल्ट पाषाण बनला. उष्ण हवा व मुबलक पाऊस यांमुळे त्याचे वरचे थर कालांतराने कुजले. विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली. तोच सड्यावरील तांबडा जांभा. घरांच्या भिंतींस लागणारे चिरे त्याचेच. वेंगुर्ल्याच्या बाजूस मात्र याहून पुष्कळ प्राचीन खडक उघडे पडले आहेत. म्हणून एका गावचा पाठ दुसऱ्या गावी जसाच्या तसा देऊ नये. प्रथम आपल्या गावचा खडक पाहावा.

या किनाऱ्यावर दोन खडकाळ भूशिरे आणि त्यांच्यामध्ये आत वळलेली पुळण अशी रचना पुनःपुन्हा आढळते. लाटा भूशिराकडे वळतात व त्यांचा जोर तेथे एकवटतो. आतील वळणात तो विखुरतो, म्हणून वाळू तेथे विसावते. हरिहरेश्वर येथे प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कड्याचा पायथा झिजवून सपाट केलेला कट्टा दिसतो. तेथील खडकावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे आहेत. खारे पाणी खडकाच्या बारीक भेगांत शिरून वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात व खडकाचे कण सुटू लागतात. अशा छिद्रांचे हे एक प्रमुख कारण होय.

वाळूचे मूळ शोधणे मुलांस विशेष आवडते. रत्नागिरी शहराजवळ एका बाजूस ‘पांढरा समुद्र’ व दुसऱ्या बाजूस ‘काळा समुद्र’ आहे. भेद पाण्याचा नसून वाळूचा आहे. कोरड्या काळ्या वाळूवरून लोहचुंबक फिरवावा; लोहयुक्त खनिजांचे काही कण त्यास चिकटतात. पांढऱ्या वाळूवर लिंबाचा रस पिळावा. बुडबुडे उठल्यास तीत शिंपल्यांचा चुरा आहे असे समजावे. एवढ्या साहित्यात एक उत्तम पाठ होतो.

आता मुख्य मुद्दा. पावसाळ्यातील उंच लाटा पुळणीवरील वाळू ओढून जवळच पाण्याखाली साठवितात. तो उंचवटा पुढील लाटांस किनाऱ्यापूर्वीच फोडतो. पाऊस सरल्यावर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. ही देवघेव म्हणजे गावाची तटबंदी होय. वाळू गाडीत भरून नेली म्हणजे ती या देवघेवीतून कायमची वजा होते. मग समुद्र सुरूच्या बनास, माडांच्या बागांस आणि अखेर घरांस भिडतो. दगडी बंधारा घरे वाचवितो. पण त्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू खणून नेते. किनाऱ्याच्या रक्षणासाठी केंद्र शासनाने १९९१ साली अधिसूचना काढून वाळू काढण्यावर निर्बंध घातले. तथापि राखण गावानेच करावयाची असते.

यासाठी शाळेने एक साधी नोंद ठेवावी. पुळणीत उभ्या असलेल्या कातळावर रंगाची एक खूण करावी. कातळ हलत नाही; वाळू हलते. खुणेपासून खाली वाळूपर्यंतचे अंतर वैशाखी पौर्णिमेस, नारळी पौर्णिमेस व पुढे दर पौर्णिमेस ओहोटीच्या वेळी मोजून वहीत लिहावे. अंतर वाढले म्हणजे वाळू घटली. नारळी पौर्णिमेचे माप शिक्षकांनी जाणत्या कोळीबांधवासह स्वतः घ्यावे. पावसाळ्यात मुलांस किनाऱ्यावर नेऊ नये. इतर वेळीही ओहोटी लागल्यावर जावे, भरती सुरू होण्यापूर्वी परतावे, ओल्या शेवाळी खडपावर कोणास चढू देऊ नये आणि गुडघाभर पाण्यातही उतरू देऊ नये. वरून शांत दिसणाऱ्या पाण्यात आत ओढणारा प्रवाह असू शकतो.

एका वर्षाच्या नोंदीने मुलांस ऋतुचक्र समजेल. पाच वर्षांच्या नोंदीवरून पुळण पूर्ववत भरते की दरवर्षी खंगते, हे गावास समजेल. ग्रामसभेत वाळूचा प्रश्न निघाल्यास ती वही पुढे ठेवता येईल, आणि तिच्यातील आकडे गावच्याच मुलांनी मोजलेले असतील.