चमचा आणि ग्रॅम : मिठाच्या मापाचा विचार

नवी मुंबईतील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या मसाला बाजारात मिरची, हळद, धने यांचा घाऊक व्यवहार क्विंटलने होतो. किराणा दुकानात तोच माल ग्रॅमवर येतो आणि स्वयंपाकघरात शिरताच वजन मागे पडून त्याची जागा चमचा घेतो. जवळच्याच उरण-पनवेल भागात मिठागरांचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पण मीठ किती ग्रॅम खावे, हा विचार तेथील घरांतही क्वचितच होतो.

चार माणसांच्या स्वयंपाकाला अनुभवी हात पुरेसा असतो. जेथे शंभर मुलांचे अन्न शिजते, तेथे मात्र अंदाज अपुरा पडतो. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्यामागे धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम व तेल ५ ग्रॅम असे प्रमाण आहे. मीठ व मसाले मात्र 'आवश्यकतेनुसार' घालावयाचे असतात. ही आवश्यकता ठरविणे स्थानिक जबाबदारीचे काम होय.

चमचा हे आकारमानाचे माप आहे, वजनाचे नव्हे. आपल्याकडील पायली, मापटे, चिपटे ही मापेही अशीच होती. एक पायली भात आणि एक पायली गहू यांचे वजन सारखे भरत नसे. शिवाय माप सपाट की शिगेचे, हेही पाहावे लागे. १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने रूढ झाली व बाजारातील हा घोळ संपत गेला. स्वयंपाकघरात तो अद्याप आहे.

पाच मिलिलिटरचा चहाचा चमचा सपाट भरला, तर साधारणपणे पुढीलप्रमाणे वजन भरते :

बारीक मीठ – ६ ग्रॅम
हळद पूड – ३ ग्रॅम
मोहरी – ३ ग्रॅम
मिरची पूड – अडीच ग्रॅम
जिरे – २ ग्रॅम
धने पूड – २ ग्रॅम

दळण, ओलावा व चमच्याचा आकार यांनुसार हे आकडे थोडे बदलतात. जाड मिठाच्या खड्यांत पोकळी राहत असल्याने त्याचा चमचा सहसा हलका भरतो. म्हणून प्रत्येक शाळेने आपला चमचा स्वतःच तपासावा. दहा सपाट चमचे मीठ काट्यावर तोलावे व आलेल्या वजनास दहाने भागावे. हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास गणिताचा एक उत्तम पाठही होईल.

याचे महत्त्व एका उदाहरणावरून ध्यानी येईल. समजा, एका जेवणात प्रत्येक मुलास दीड ग्रॅम मीठ द्यावयाचे आहे. शंभर मुलांसाठी १५० ग्रॅम, म्हणजे २५ सपाट चमचे मीठ लागेल. तेच चमचे शिगोशीग भरले आणि प्रत्येकात ९ ग्रॅम मावले, तर भांड्यात २२५ ग्रॅम मीठ पडेल. चमच्यांची संख्या तीच. मीठ मात्र दीडपट!

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे. म्हणजे पापड-लोणच्यासह सारे मिळून एक सपाट चमचाही नव्हे. मुलांसाठी हे प्रमाण त्याहून कमी आहे. अधिक मिठाने रक्तदाब वाढतो, आणि खारट चवीची सवय बालपणीच जडते.

शाळा व्यवस्थापन समित्यांनी व पंचायत सदस्यांनी प्रत्येक स्वयंपाकगृहात एक ठरावीक चमचा, मापे सपाट करण्यासाठी एक पट्टी आणि भिंतीवर वजनांचा तक्ता एवढी सोय करावी. खर्च नाममात्र आहे. लाभ मुलांच्या आयुष्यभराचा आहे.