दुकानाचे संगणक आणि नापाची वही

गोंदियाच्या बाजारात कापडाचा धंदा करताना आमची अर्धी उमर वह्यांत गेली. रोजमेळ, खातेवही, उधारीची वही, सारे मुनीमजींच्या हाती. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि गल्ल्याजवळ संगणक येऊन बसला. संगणक विकत घेणे सोपे आहे. तो सांभाळणे हा वेगळा हुन्नर आहे, हे आम्हाला नुकसान सोसून कळले.

दुकान, गोदाम आणि हिशेबाची खोली मिळून आमच्याकडे पाच संगणक. ऐन ईदच्या खरेदीत गल्ल्यावरचा एक बंद पडला. दुरुस्तीच्या मुलाने दोन तासांत तो नव्याने चालू करून दिला. बिले निघू लागली, आम्ही खूष झालो. रोज रात्री हिशेबाची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवण्याची सोय पुन्हा लावायची मात्र राहून गेली. चार महिन्यांनी डिस्क जळाली आणि त्या गल्ल्यावरची चार महिन्यांची उधारी गेली. धान विकून पैसे देणारी आमची खेड्यापाड्यांची गिऱ्हाइके. बहुतेकांनी आपणहून आकडा सांगितला, म्हणून आम्ही तरलो.

त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. संगणकात काय काय लावायचे हे कुठे लिहिलेलेच नव्हते. शिंपी नापाची वही ठेवतो. उस्ताद आजारी पडला तरी शागीर्द त्याच नापाची शेरवानी कापतो. संगणकाची तशी वही आम्ही ठेवली नव्हती.

आमच्या भाच्याने ती वही करून दिली. तिचे नाव ॲन्सिबल. मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये हे साधन काढले. २०१५ मध्ये ते रेड हॅट कंपनीने घेतले. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे परवान्याचे पैसे नाहीत आणि त्याची आतली बांधणी कोणालाही पाहता व बदलता येते.

काम असे चालते. एका जुन्या संगणकावर लिनक्स घालून त्यावर ॲन्सिबल ठेवले. एका फाइलीत पाचही संगणकांची यादी. दुसऱ्या फाइलीत साध्या अक्षरांत लिहिलेले की प्रत्येकावर कोणता प्रिंटर, कोणाला कुठवर परवानगी आणि रात्री किती वाजता नक्कल. हुकूम दिला की ॲन्सिबल एकेका संगणकाशी तारेवरून जोडून घेते आणि जे कमी असेल तेवढेच लावते. जे ठीक आहे त्याला हात लावत नाही. लिनक्सच्या संगणकांवर त्यासाठी वेगळा कारभारी प्रोग्राम बसवावा लागत नाही. विंडोजचे संगणकही चालतात, फक्त सुरुवातीला थोडी तयारी करावी लागते.

धोकाही सांगितला पाहिजे. नाप चुकीचे लिहिले तर पाचही कपडे एकदमच बिघडतात. म्हणून आधी 'चेक' हुकूम देऊन काय बदलणार ते पाहावे, मग एका संगणकावर लावावे, नंतर सगळ्यांवर. पासवर्ड उघडे लिहू नयेत. ते कुलुपात ठेवण्याची सोय यातच आहे. फाइलीत ओळींच्या आधीची मोकळी जागा चुकली तरी काम अडते, तेव्हा घाई नको.

कायद्याचीही बाब आहे. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावा लागतो. संगणकावर हिशेब असेल तर तो नष्ट झाल्यास परत उभा करता येईल अशी नक्कल ठेवणे नियमातच आहे. शिवाय मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो लावला नाही त्यांना फटका बसला. असे इलाज सर्व संगणकांवर एकाच वेळी लावणे हेही या साधनाचे काम.

एकच संगणक असलेल्या कारागीर बांधवाने यात पडू नये. त्याने काय काय लावले ते कागदावर लिहावे, रोज नक्कल घ्यावी आणि महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी. तीन-चार संगणक झाले की मात्र घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना हे शिकू द्यावे.

आमच्या त्या दोन फाइलींची छापील प्रत आता तिजोरीत असते. भाचा उद्या नोकरीला दूर गेला तरी दुकान अडणार नाही. गिऱ्हाइकाचा हिशेब ही आपल्याकडची अमानत आहे. ती कोणा एकाच्या आठवणीवर सोडू नये.