पोवळ्याच्या वाट्याचा उजेड

उन्हाळ्याच्या सुट्टीत महाडच्या मामूंकडून भोरला परतताना वरंधा घाटातच धाकट्या लेकीने हट्ट धरला, "अब्बा, आपल्या हॉलमध्ये समुद्र ठेवायचा." मामूंच्या मोबाइलवर तिने रंगीबेरंगी प्रवाळांच्या फिश टँकचा व्हिडिओ पाहिला होता. "बघू," आम्ही म्हणालो. मुलांपुढे 'बघू' म्हणणे म्हणजे अर्धे वचनच. त्यामुळे घरी आल्यावर आम्हा दोघा नवरा-बायकोला बसून अभ्यास करावा लागला.

पहिलीच गोष्ट कळली ती अशी, की प्रवाळ म्हणजे ज्याला आपण पोवळे म्हणतो, तो दगड नाही आणि झाडही नाही. तो जीव आहे. त्याच्या अंगात अतिसूक्ष्म शेवाळ राहते. शेवाळ उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. उजेड कमी पडला तर शेवाळ उपाशी आणि पोवळेही उपाशी. उजेड किंवा उष्णता फार झाली तर पोवळे शेवाळाला अंगाबाहेर टाकते आणि पांढरे पडते. म्हणून टँकमध्ये पोवळे कुठे ठेवायचे, हा प्रश्न शोभेचा नसतो. तो त्याच्या पोटापाण्याचा असतो.

मग उजेड किती आहे, हे ठरवायचे कसे? आपल्याला वाटते, डोळ्यांना दिसतेच की! इथेच आमची फसगत झाली. एके दिवशी मोबाइलमधल्या उजेड मोजायच्या अ‍ॅपने आम्ही घरभर मोजणी केली. रात्री ट्यूबलाइटखाली हॉलमध्ये आकडा आला सुमारे 150 लक्स. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात, तेही सावलीत, आला सुमारे 10,000. लेकीने दोन्ही ठिकाणी तेच पुस्तक सहज वाचले. डोळ्याची बाहुली लहान-मोठी होते, नजर सवय करून घेते, आणि आपण म्हणतो, "उजेड तेवढाच आहे." सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात प्रकाश आणि दृष्टीची तपासणी केली. डोळा कुठे कुठे चुकतो, याचाही विचार त्यांनी त्यात केला आहे. आमची चूक त्यामानाने फारच घरगुती म्हणायची.

प्रवाळ पाळणारे लोक लक्सवरही विसंबत नाहीत. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे. डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड जास्त जाणवतो, निळा कमी. प्रवाळांच्या टँकवरचे दिवे मात्र निळसर असतात, कारण समुद्रात खोल जाताना तांबडा उजेड आधी विरतो आणि निळा उरतो. निळ्या दिव्याखाली लक्सचा आकडा खरा उजेड कमी दाखवतो. म्हणून ते 'पार' नावाचे माप वापरतात. शेवाळाला आणि झाडाला उपयोगी पडणारे किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, ते मायक्रोमोलमध्ये मोजायचे. भर दुपारचे कडक ऊन साधारण 2,000 मायक्रोमोल भरते. टँकमध्ये मऊ प्रवाळांना 50 ते 100, मोठ्या तोंडाच्या कठीण प्रवाळांना 80 ते 150 आणि बारीक फांद्यांच्या कठीण प्रवाळांना 200 ते 350 इतका उजेड बहुतेक जण ठेवतात.

मोजायची रीत सोपी आहे. टँकचे वरचा, मधला आणि तळाचा असे तीन थर मानायचे. प्रत्येक थरात डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मीटरचा पाण्यात चालणारा सेन्सर धरायचा. नऊ आकडे होतात. ते कागदावर टँकचे चित्र काढून लिहायचे. मग कोणता जीव कुठे बसेल, हे तो कागदच सांगतो. नवा जीव आधी कमी उजेडात ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वर सरकवायचा.

एवढे शिकून आम्ही खरेदीला निघणार, तोच कायदा वाचनात आला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2001 पासून प्रवाळांना संरक्षण आहे. खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, समुद्रपंखे हे सारे पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. ती समुद्रातून काढणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान 3 वर्षे कैद, 7 वर्षांपर्यंत. आम्ही एका दुकानदाराला फोनवर विचारले, तर तो म्हणाला, "घ्या हो, कोण बघतंय?" आम्ही फोन ठेवला.

लेक दोन दिवस रुसली. तिला जवळ घेतले ते दादीने. "बेटा, सूरह रहमानमध्ये मर्जान आहे, म्हणजे पोवळे. पण त्याच्या आधी त्याच सूरहमध्ये मीज़ान आहे, म्हणजे तराजू. तराजूत खोट करून आणलेले पोवळे घरात ठेवून काय करशील?" लेक काही बोलली नाही, पण रात्री जेवायला आली.

अर्धे वचन मात्र शिल्लक होते. म्हणून आम्ही गोड्या पाण्याचा दोन फुटी टँक घेतला आणि शिकलेली रीत त्यावरच वापरली. पाणी भरण्याआधी मोबाइल नऊ जागी धरून लेकीने आकडे लिहिले. दिव्याखाली वर 9,000 लक्स, तळाला मध्ये 3,200 आणि तळाच्या कोपऱ्यांत 1,400. पांढऱ्या एलईडीसाठी 70 ने भागले की ढोबळ मायक्रोमोल मिळतात, म्हणजे अनुक्रमे 130, 45 आणि 20. पाणी भरल्यावर आकडे थोडे बदलतात, पण कुठे जास्त आणि कुठे कमी, हे कळायला एवढे पुरे. मग लालसर रोटाला दिव्याखाली, लांब पात्यांची वॅलिसनेरिया तळाला मध्ये आणि जावा फर्न कोपऱ्यात लावली. टँक आधी खिडकीत ठेवायचा विचार होता. तिथे सकाळच्या उन्हात आकडा 30,000 च्या वर गेला, तेव्हा तो बेत सोडला, नाहीतर महिन्याभरात काचा हिरव्या झाल्या असत्या. दिवा रोज 7 तास. वीज गेली की टायमरचे घड्याळ मागे पडते, तेव्हा ते लावून घ्यायचे काम थोरल्या मुलाकडे आहे.

उघड्या पाण्यातला उजेड कसा मोजतात, हेही लेकीला पाहायचे होते. अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने 1865 मध्ये पांढरी तबकडी दोरीने समुद्रात सोडून ती किती खोलवर दिसते, ते नोंदवले होते. आम्ही स्वयंपाकघरातली पांढरी ताटली घेतली, दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारल्या आणि ओळखीच्या मच्छीमार चाचांच्या होडीतून भाटघरच्या पाण्यात सोडली. ऑगस्टमध्ये वेल्ह्याच्या डोंगरांतून गढूळ ओढे येत होते, तेव्हा ताटली वीतभर खाली जाताच दिसेनाशी झाली. जानेवारीत त्याच जागी ती चार हात खाली दिसत होती. तबकडी जिथे दिसेनाशी होते, त्याच्या दुप्पट-तिप्पट खोलीपर्यंत हिरव्या जिवांना जगण्यापुरता उजेड पोहोचतो, असा ढोबळ हिशेब आहे.

त्या ताटलीने लेकीला आपल्या किनाऱ्याची गोष्टही कळली. मालवणजवळ प्रवाळे उथळ पाण्यात आहेत, कारण किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात उजेड फार खाली जात नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. त्याचा सर्वांत उंच भागही पाण्याखाली सुमारे 20 मीटर आहे, तरी तिथे प्रवाळे वाढतात, कारण तिथले पाणी नितळ आहे. उजेड जिथवर पोहोचतो, तिथवरच त्यांचे घर.

आता टँकशेजारी एक वही असते. लेक दर जुम्म्याला दुपारी नऊ आकडे लिहिते. दिव्यावर धूळ बसली की आकडा उतरतो, ती काच पुसते आणि पुन्हा मोजते. पुढच्या हिवाळ्यात मालवणला जाऊन पोवळी पाण्यातच पाहायची, असे ठरले आहे, इन्शाअल्लाह. या वेळी आम्ही 'बघू' म्हटले नाही. तारीखच लिहून दिली आहे, त्याच वहीत.