हातांनी दिलेले भाषण

वक्तृत्व स्पर्धा म्हटली, की डोळ्यांपुढे काय येते? शाळेचे सभागृह, समोर माईक, 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' ही ठरलेली सुरुवात आणि वेळ संपत आल्याची घंटा. पण ज्याला ती घंटाच ऐकू येत नाही, त्या मुलाने स्पर्धेत भाग घ्यायचा तरी कसा? कर्णबधिर मुलांना शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून या प्रश्नाबद्दल आज थोडे बोलणार आहे.

आधी एका शब्दाविषयी. आपण सर्रास 'मूकबधिर' म्हणतो. वास्तविक यांतल्या बहुतेक मुलांच्या स्वरयंत्रात काहीच दोष नसतो. कानावर भाषा पडत नाही, म्हणून ती तोंडी येत नाही, इतकेच. मूल मुके नसते. त्याच्यापर्यंत भाषा पोचलेली नसते.

अमेरिकेत 'ऑप्टिमिस्ट इंटरनॅशनल' ही सेवाभावी क्लबांची संघटना १९१९ साली स्थापन झाली. आपल्या परिचयाच्या रोटरी किंवा लायन्स क्लबसारखीच ही संघटना. शाळकरी मुलांसाठी तिची वक्तृत्व स्पर्धा १९२८ पासून चालत आली आहे. पुढे कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी तिने वेगळी स्पर्धा सुरू केली आणि तिच्या नावात 'वक्तृत्व'ऐवजी 'संवाद' हा शब्द घातला. निदान ४० डेसिबल श्रवणदोष असल्याचा तपासणी अहवाल, म्हणजे ऑडिओग्राम, जोडावा लागतो. आपले नेहमीचे बोलणे साधारण ६० डेसिबलच्या आसपास असते. तेव्हा ४० डेसिबल दोष असलेल्या मुलाला ते बंद दाराआडून आल्यासारखे पुसट ऐकू येते. भाषण चार ते पाच मिनिटांचे. ते तोंडाने करा, खुणांच्या भाषेत करा किंवा दोन्ही मिळून करा, निवड स्पर्धकाची. जिल्हा पातळीवरच्या विजेत्याला अडीच हजार डॉलरपर्यंतची शिष्यवृत्ती मिळू शकते.

'निवड स्पर्धकाची' हे शब्द साधे वाटतात, पण त्यामागे शंभर वर्षांहून जुने भांडण आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. शाळेत खुणा नकोत, ओठ वाचून तोंडानेच बोलायला शिकवावे, असा ठराव तिथे झाला. तो करणाऱ्यांत स्वतः कर्णबधिर असलेले जवळजवळ कोणीच नव्हते. अनेक देशांतल्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. १९६० मध्ये विल्यम स्टोकी या अमेरिकन अभ्यासकाने खुणांच्या भाषेलाही स्वतःची रचना आणि नियम असतात, हे दाखवून दिले. मिलानच्या त्या ठरावाबद्दल पुढच्या पिढीतल्या परिषदेने खेद व्यक्त केला, तो २०१० साली, कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये!

हे भांडण आपल्या घरांतही आहे. "बाई, हाताने बोलायची सवय लावू नका हो, मग तो तोंडाने बोलायचाच नाही," असे मला किती आयांनी सांगितले असेल! त्यांची भीती मी समजू शकते. आईला मुलाच्या तोंडून हाक ऐकायची असते. पण वाचेची वाट पाहण्यात पहिली पाच-सहा वर्षे गेली आणि खुणाही दिल्या नाहीत, तर मुलाच्या हाती कोणतीच भाषा राहत नाही. श्रवणयंत्र, वाचा-उपचार आणि खुणा यांना एकमेकांचे वैरी समजण्याचे कारण नाही.

आता खुणांच्या भाषणाला गुण कसे द्यायचे? खुणा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत. पंजाचा आकार, त्याची जागा, दिशा आणि हालचाल यांपैकी एक बदलले तरी अर्थ बदलू शकतो. आपण आवाज चढवतो-उतरवतो, ते काम इथे भुवया, डोळे आणि खांदे करतात. भारतीय सांकेतिक भाषेत 'कोण', 'कुठे' हे प्रश्नाचे शब्द आणि नकार सहसा वाक्याच्या शेवटी येतात. आपले 'मी जाणार नाही' आठवून पाहा, म्हणजे ते परके वाटणार नाही. परीक्षकांत ही भाषा जाणणारा, शक्यतो स्वतः कर्णबधिर असलेला माणूस हवाच. नाहीतर दुभाषा अडखळला, तर गुण मुलाचे जातात. घंटेच्या जागी दिवा किंवा रंगीत पाटी चालते. आणि टाळ्या? दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. ती दाद वक्त्याला दिसते.

आपल्याकडेही पावले पडली आहेत. भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये दिल्लीत स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशाच्या पहिल्या आवृत्तीत, २०१८ साली, तीन हजार शब्द होते. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते दहा हजार झाले. हे केंद्र विद्यार्थ्यांसाठी सांकेतिक भाषेच्या स्पर्धाही घेते. २३ सप्टेंबर हा दिवस २०१८ पासून आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन म्हणून पाळला जातो.

तरीही एक गोष्ट मला खटकते. कर्णबधिर शाळांच्या स्नेहसंमेलनांत मी चित्रे पाहिली, नृत्ये पाहिली, मूकनाट्ये पाहिली. पाहुणे भारावून जातात, 'किती गुणी मुले!' म्हणतात. पण पाण्याच्या टंचाईबद्दल, परीक्षांबद्दल, नोकरीबद्दल तुझे मत काय, हे त्या मुलांना क्वचितच कोणी विचारते. भाषणाची स्पर्धा नेमके तेच विचारते. विषय देते, पाच मिनिटे देते, आणि तेवढा वेळ सभागृहाने मुलाकडे लक्ष द्यायचे असते.

गावोगावची वाचनालये आणि मंडळे दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा घेतात. पत्रकात 'सांकेतिक भाषेतील भाषणही स्वीकारले जाईल' एवढी एक ओळ घालावी, जवळच्या कर्णबधिर शाळेला पत्र पाठवावे आणि एका दुभाष्याचे मानधन खर्चात धरावे. एवढ्यावर सुरुवात करता येईल.